मिरचीच्या आधी भांडण

मिरची लावायची असेल तर आधी कडकडून भांडण झालं पाहिजे. लावणाऱ्याच्या हातात राग उतरला पाहिजे, म्हणजे तो हातातनं मातीत जातो, मातीतनं रोपात आणि रोपातनं मिरचीत. खुशीत लावलेली मिरची गोडी होते, ढबू मिरचीसारखी, नुसतं पाणी. हे मी म्हणत नाही, माझी बायको म्हणायची. शालन तिचं नाव. गौरी-गणपती झाले आणि ती गेली. आता शिमगा होऊन गेला, पाडवा तोंडावर आला, घरामागच्या परड्यात सऱ्या ओढून तयार झाल्या, आणि माझ्याशी भांडायला घरात कोणी उरलं नव्हतं. त्या दिवसांचं हे लिहितोय.

आमच्या कसबा बावड्यात हे दिवस नाकानं कळतात. सगळा हिवाळा हवेत कारखान्याचा वास असतो, उकळणाऱ्या रसाचा, करपलेल्या गोडाचा. पाहुणे आले की नाक मुरडतात. आम्हाला तो येतच नाही, इतका अंगात मुरलाय. मी उभा जन्म गव्हाणीवर काढला. गव्हाण म्हणजे कारखान्यात जिथं उसाच्या मोळ्या आत ढकलतात ती जागा. फाल्गुनात ऊस संपत येतो, बैलगाड्या गावाकडं परततात, बॉयलर थंड होतो आणि एका सकाळी उठून बघावं तर हवा कोरी. मग बाकीचे वास पुढं येतात. उकरलेल्या मातीचा. आंब्याच्या मोहराचा. उन्हात टाकलेल्या गोधड्यांचा. डंकावर कुटायला न्यायच्या आधी गल्लीत कुणीतरी सुक्या मिरच्या भाजत असतं, त्याचा ठसका. त्या ठसक्यानं सगळी गल्ली शिंकते आणि कुणी तक्रार करत नाही, कारण उद्या आपली पाळी असते.

शालन म्हणायची, ऊस संपला की घर सुरू. गाळप चालू असताना मी घरात फक्त झोपायला असायचो, पाळ्या अशा उलट्यासुलट्या. त्यामुळं चार महिन्यांची साठलेली कामं ती माझ्यासाठी राखून ठेवायची. सुट्टी लागली म्हणून मी जरा पाय पसरले की हातात खराटा यायचा. आधी घर, मग परडं, हा तिचा क्रम. घर घाण ठेवून बी लावलं तर वेलाला मावा पडतो म्हणायची. ह्यात काय अर्थ होता मला अजून कळलेलं नाही, पण घर झाडल्याशिवाय मला तिनं परड्यात कुदळ मारू दिली नाही एवढं खरं.

घर झाडायचं म्हणजे ती घर उलटं करायची. गाद्या बाहेर, पत्र्याच्या पेट्या बाहेर, माळ्यावरचे पितळी डबे बाहेर. मी शिडीवर, तोंडाला टॉवेल गुंडाळून, बांबूला बांधलेल्या झाडूनं कोळिष्टकं काढणार. ती खालनं बोट दाखवणार, तिकडं राहिलं, तिकडं. चुन्यात नीळ घालून भिंती रंगवायच्या. आता भिंतींना डिस्टेंपर आहे, पोरानं पेंटर लावून दिला होता, पण ती ओला फडका घेऊन त्या डिस्टेंपरलाबी पुसायची. सगळं आत गेलं की दुपारी थंड फरशीवर उताणी पडून म्हणायची, आता घरात श्वास घेता येतोय बघा. मला तर आधीबी घेता येत होता. पण तसं म्हणायची सोय नव्हती.

परड्यात कामाची वाटणी ठरलेली. खणायचं, ओढायचं, वाहायचं ते माझं. बी आणि रोप तिचं. शिमग्याच्या होळीची राख पाटीतनं आणायची आणि आळ्यात टाकायची, तीबी मीच. कारखान्याची मळी, म्हणजे रसाचा गाळ, आणली तर ती कोपऱ्यात निववत ठेवायची, ताजी मळी गरम असते, मुळं पोळतात. दोडक्याला, कारल्याला तुरकाट्यांचा मांडव करायचा. सऱ्यांवर उसाचं पाचट अंथरायचं, म्हणजे ओल टिकते. एवढं सगळं मी करायचो, आणि शेवटी ती पदर खोचून यायची, दोन बोटांनी माती दाबायची, आणि बाग तिनं केली असं गावभर व्हायचं. मला त्याचं काही वाटायचं नाही. वाटायचं थोडं.

दोडका, काकडी, भेंडी ती गुणगुणत लावायची. मिरचीच्या दिवशी मात्र तोंड बदलायचं.

लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी मला त्याचा झटका बसला. त्या वर्षी गाळप लांबलं होतं. मी पहिल्या पाळीवरनं घरी आलो, चप्पल काढतोय तोवर ही दारात उभी. उशीर का झाला? म्हटलं, झाला नाही, रोजच्याच वेळेला आलोय. मग म्हणाली, रोजच उशीर करता. तिथनं जी सुरू झाली ती माझ्या आईपर्यंत, माझ्या चालण्यापर्यंत, लग्नात आमच्याकडच्या लोकांनी बुंदी कमी वाढली इथपर्यंत गेली. चार दिवसांपूर्वी लाजून पदराआडनं बोलणारी बाई ती. मीबी मग तोंड सोडलं. ती ताडताड परड्यात गेली आणि मिरचीची रोपं मातीत अशी खोचली, जणू माझे डोळेच काढत होती. शेवटचं रोप लागलं, हात धुतले, आणि हसत हसत भाकरी वाढायला बसली. मी म्हटलं, डोकं ठिकाणावर हाय का? तेव्हा तिनं मला ही रीत सांगितली.

तिचं माहेर जयसिंगपूरच्या पलीकडं. तिची आई असंच करायची, आणि आईची आईबी. पण तिचे वडील इतके गरीब स्वभावाचे की त्यांच्याशी भांडणच पेटायचं नाही. बाई काही बोलली की ते म्हणायचे, बरोबर हाय तुझं. म्हणून तिची आई मिरचीच्या दिवशी गोठ्यात जाऊन म्हशीशी भांडायची. म्हैस मान हलवायची, शेपटी मारायची, एखादी लाथ झाडायची. शालन सांगायची, त्या मिरचीला जाळ बेताचा असायचा, पण दूध चांगलं लागायचं. हे सांगून ती स्वतःच हसायची, आणि मग मलाबी हसू यायचं, आणि त्या सासऱ्यांचा फोटो बघितला की अजून येतं.

त्यानंतर दरवर्षी मला माहीत असायचं की आज भांडण आहे, तरी मी दरवर्षी सापडायचो. कारण ती विषय असा काढायची की राग खराच यायचा. एका वर्षी टीव्हीच्या अँटेनावरनं. एका वर्षी मी तिला न विचारता माझ्या भावाला सायकल दिली त्यावरनं. एका वर्षी तर हरवलेल्या छत्रीवरनं, ती छत्री तिनंच एसटीत विसरलेली, तरी दोष माझा. आणि एकदा भांडण हाताबाहेर गेलं. काय विषय होता ते सांगत नाही, दोघांच्या मधलं आहे. ती रोपं लावून झाल्यावर हसली नाही. कितीतरी दिवस घरात भांड्यांचाच आवाज होता. त्या वर्षीची मिरची कुणाला खाववली नाही. खर्डा केला की ताटातल्या भाकरीला डोळ्यांतलं पाणी लागायचं. पोरगं उचकी लागून गल्लीभर पळालं. मी खाल्ली. एकटा मी खाल्ली, तोंड वाकडं न करता, आणि त्याच ताटावर आमचं मिटलं.

एका वर्षी मी टायफॉईडनं अंथरुणाला होतो. तिनं दारात उभं राहून प्रयत्न केला. तुम्ही, असं म्हणाली आणि पुढं काही सुचेना. माझ्याकडं बघितलं आणि निघून गेली. मिरची त्या वर्षी गोडी झाली. वर्षभर ऐकवलं, तुमच्यामुळं.

आणि गेल्या वर्षी. गेल्या वर्षी तिला धाप लागत होती. डॉक्टरनी वाकायचं नाही सांगितलेलं. तिनं परड्यात बादली पालथी घातली, तिच्यावर बसली आणि भांडायला लागली. एक वाक्य बोलायची, थांबायची, श्वास घ्यायची, पुढचं बोलायची. मी उत्तर द्यायला मुद्दाम वेळ लावत होतो. मातीच चाचपत बसायचो, खोकायचो, काय म्हणालीस म्हणून परत विचारायचो. तिला ते कळत होतं. म्हणाली, तुम्हाला भांडायचाबी कंटाळा. असं आमचं भांडण सकाळपासनं ऊन डोक्यावर येईपर्यंत चाललं. एवढं सावकाश भांडण मी जन्मात केलं नव्हतं. रोपं तिनं बसल्या जागी हात लांबवून लावली. मिरची झाली ती मात्र फटाकडी. त्यातल्याच लाल झालेल्या मिरच्यांचं बी तिनं काढून ठेवलं. राखेत घोळवून, बरणीत. जवारी मिरची आमची, बाजारात ते बी मिळत नाही.

माघात मी ते बी घमेल्यात टाकलं. तरू, म्हणजे लावणीची रोपं, चांगला आला, बोटभर, मग वीतभर. रोप वीतभर झालं की हलवायचं असतं. घमेल्यात दाटी झाली की ते नुसतं उंच होतं, खोड काठीसारखं होतं, खालची पानं पिवळी पडतात, आणि मग जमिनीत लावलं तरी ते धरत नाही. हे मला कळत होतं. बरणीत बी उरलेलं नव्हतं, सगळं मी एकदमच टाकलेलं. म्हणजे हा तरू गेला तर शालनची मिरची गेली. रोज सकाळी मी घमेल्यापुढं बसायचो आणि रोज उठून जायचो.

कुणी म्हणेल, म्हाताऱ्या, लाव की गप. राग तर तुझ्यातबी असेल. होता. भरपूर होता. दवाखान्यावर होता, देवावर होता, तिच्यावर तर होताच, की मला मागं ठेवून गेली. पण तो राग थंड असतो. दगडासारखा पोटात बसतो, हातात उतरत नाही. मिरचीला लागतो तो गरम राग, आणि त्याला समोर माणूस लागतं. उलट बोलणारं माणूस.

आणि आमच्या घरात उलट बोलणारं कोणी राहिलं नव्हतं. माणूस गेलं की उरलेल्या माणसाशी लोक फार गोड वागतात. मला त्याचा वीट आला होता. घरात मी, माझा पोरगा संजय आणि सून वैशाली. दोघंही माझ्याशी दवाखान्यात बोलतात तसं बोलायचे. टीव्हीचा आवाज बारीक, दार लावायचं तर हळू. तिघांचं घर, पण भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू यायचा.

संजयला मी एकदा स्पष्टच सांगितलं, मिरची लावायची हाय, माझ्याशी भांड. तो एमआयडीसीत फाउंड्रीत आहे, भला पोरगा, आजोळच्या वळणावर गेलेला. तो शाळेत भाषणाला उभा राहायचा तसा माझ्यापुढं उभा राहिला, घसा खाकरला आणि म्हणाला, आबा, तुम्ही औषधं वेळेवर घेत न्हाईसा. मी म्हटलं, घेतो की. तर म्हणाला, मग बरं हाय. झालं भांडण.

मग मी शेजारच्या हिराक्काकडं वळलो. आमच्या दोन परड्यांमध्ये छातीएवढी भिंत आहे, आणि भिंतीपलीकडं ही बाई अख्ख्या बावड्याशी भांडून बसलेली. दूधवाला तिच्या दारात सायकलवरनं उतरत नाही, लांबनंच पिशवी ठेवतो. मी परडं झाडलं आणि सगळा पाला उचलून तिच्या बाजूला टाकला. आता फुटेल, आता फुटेल म्हणून कंबरेवर हात ठेवून उभा राहिलो. ती आली, पाल्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, खराटा घेऊन मुकाट्यानं झाडायला लागली. म्हणाली, असू दे दाजी, तुमचं मन थाऱ्यावर न्हाय. मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

राहता राहिली वैशाली. ती गडहिंग्लजकडची. त्यांच्याकडं घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. आवाज मऊ, चाल मऊ. लग्न होऊन आली त्या वर्षी आमचं मिरचीचं भांडण बघून घाबरली होती, रडत रडत तिच्या अप्पांना फोन लावला होता की इथं सासू-सासऱ्यांचं जमत न्हाय, मला न्यायला या. शालननं तिच्या हातातनं फोन घेतला आणि व्याह्यांना सगळं समजावून सांगितलं. पुढं दरवर्षी आम्ही भांडत असताना वैशाली पायरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत बघायची. सिनेमा बघावा तशी. सासूची आणि तिची गट्टी. दोघी कायतरी कुजबुजायच्या आणि माझ्याकडं बघून हसायच्या.

आता तिला मी डिवचायला सुरुवात केली. म्हटलं, आमटीत मीठ न्हाय. ती म्हणाली, व्हय मामा, आणि मीठ आणून दिलं. मीठ होतं आमटीत, मीच ते परत घालून खाल्लं. म्हटलं, तुमची संकेश्वरी मिरची नुसती रंगाला, आमच्या जवारीपुढं पाणी भरते. व्हय मामा. म्हटलं, तुमच्या गावच्या लोकांना चटणी करता येत न्हाय. व्हय मामा. ह्या व्हय मामावर काय करणार माणूस? पाण्यात काठी मारल्यासारखं.

म्हणून मी परड्याचं बाकीचं काम तेवढं उरकत राहिलो. घर झाडून झालं, ह्या वेळी शिडीवर संजय आणि खालनं बोट दाखवायला मी. आळी झाली. दोडका लावला, तो मुकाट्यानंबी येतो. मिरचीच्या सऱ्यांना घालायला शेणखत चाळायचं राहिलं होतं. चांगलं कुजलेलं, वाळलेलं खत, नुसती भुकटी. परड्यात आंब्याची सावली आणि जरा ओल, म्हणून मी खताची पाटी आणि वाळूची चाळण घेऊन वर स्लॅबवर गेलो. ऊन चांगलं होतं. वाराही चांगला होता.

स्लॅबच्या दुसऱ्या कडेला वैशालीनं कुरडया घातल्या होत्या. ते मी बघितलं होतं. म्हटलं, एवढ्या लांब आहेत, काय होतंय. जुनी धोतरं अंथरून त्यावर ओळीनं घातलेल्या, पांढऱ्याशुभ्र, जाईचे गजरे ठेवल्यासारख्या. कुरडया म्हणजे काय काम असतं ते ज्यानं केलंय त्याला माहीत. गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, आंबले की वाटायचे, चीक काढायचा, तो गुठळी न होता शिजवायचा, हात भाजत असताना सोऱ्यातनं पाडायचा. दरवर्षी हे दोघी करायच्या, एकीनं सोऱ्या दाबायचा, एकीनं धोतर सरकवायचं. ह्या वर्षी वैशाली पहाटेपासनं एकटी करत होती.

मी चाळायला लागलो आणि फाल्गुनातला तो वारा आला, दुपारी एकदम उठतो तो, गोल फिरणारा. चाळणीतली सगळी भुकटी उचलली आणि नेऊन कुरडयांवर घातली. ओल्या कुरडया. धूळ अशी चिकटली की हळदीकुंकवाच्या जागी शेण वाहिल्यासारखं. मी चाळण तशीच हातात धरून उभा. तेवढ्यात ती कुरडया परतायला वर आली.

तिनं एक कुरडई उचलली, उन्हात धरली, फुंकून बघितली. मग माझ्याकडं वळली.

"मामा, काय केलंसा हे?"

म्हटलं, "वारा आला. त्याला मी काय करू?"

"वाऱ्याला चाळण घेऊन वर कुणी पाठवलंतं? एवढं परडं पडलंय खाली, तुम्हाला शेण चाळाय हीच जागा गावली?"

माझ्या कानावर माझा विश्वास बसेना. तिचा आवाज पार कारखान्यापर्यंत गेला असणार. मी म्हटलं, चार कुरडयांसाठी एवढं काय. हे मी मुद्दाम म्हटलं नाही, खरंच तोंडातनं गेलं, आणि त्यानं जे व्हायचं ते झालं. ती कानडीत कायतरी बोलली, ते मला कळलं नाही, पण चांगलं नव्हतं. मग मराठीत आली.

"चार कुरडया? पाटंपासनं उभी हाय मी. आत्ती असत्या तर ती चाळण तुमच्या डोक्यात घातली असती. मी बोलत न्हाय म्हणून चाललंय सगळं. आमटीत मीठ न्हाय म्हणता, व्हय म्हणायचं. माझ्या गावाला नावं ठेवता, व्हय म्हणायचं. जो येतोय तो मला सांगतोय, मामास्नी दुखवू नको, त्यांचं माणूस गेलंय. आणि माझं कोण गेलंय? चीक किती आटवायचा ते मी कुणाला इचारू? भिंतीला? ह्या घरात मला एकानं तरी इचारलं का, वैशाली, तुला कसं वाटतंय?"

आता मी काय सांगू. थोबाडीत बसावी तसं झालं, आणि त्याच वेळेला पोटातला तो दगड हलला. तिकडं मी रोज भिंतीशी, घमेल्याशी, मिठाशी झगडत बसलो होतो, आणि माझ्याएवढंच दुःख पायरीवर गप बसलं होतं. लोक तिला माझ्यासाठी गप करत होते. तिला वाटायचं रडावं तर मी घरात, बोलावं तर मी घरात. माफी मागायचं माझ्या ओठावर आलं. मागितली असती तर ती पुन्हा व्हय मामा झाली असती. म्हणून गिळली.

उलट मी आवाज चढवला. म्हटलं, मग सांगायचं होतं, तोंड न्हवतं व्हय? ती म्हणाली, तोंड हाय की, आता बघा. मी जिना उतरायला लागलो, ती मागनं बोलत उतरली. मी टॉवेल कुठंही टाकतो. मी तिच्या फोनवर बातम्या लावतो आणि तो तसाच ठेवतो. मी दवाखान्यात डॉक्टरसमोर खोटं बोलतो. एकेका पायरीला एकेक. सगळं खरं होतं. मी प्रत्येकाला उत्तर देत होतो, आणि उत्तरं देता देता परड्यात पोचलो, वाकलो आणि तरूचं घमेलं उचलून तिच्या हातात दिलं.

तिनं खाली बघितलं. पिवळी पडायला लागलेली ती रोपं बघितली, ओढलेल्या सऱ्या बघितल्या. तिच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं आणि मी घाबरलो, कारण रडत लावलेल्या मिरचीचं काय होतं ते शालननं मला कधी सांगितलं नव्हतं.

म्हणून मी म्हटलं, "तुमच्या गडहिंग्लजला कुरडया कधी बघितल्या न्हाईत वाटतं. म्हणून एवढं कौतुक."

तिनं नाक पुसलं. पदर खोचला.

"आमच्या गडहिंग्लजचं नाव काढू नका," म्हणाली, आणि पहिलं रोप खोचलं. "आमच्याकडं म्हातारी माणसं स्लॅबवर शेण घेऊन जात न्हाईत. पाणी आणा. बघत काय उभारलाय?"

मी पाणी आणलं. जास्त आणलं म्हणून बोलणी बसली. सरीत पाय पडला म्हणून बसली. रोप सरळ धरलं नाही म्हणून बसली. ती मातीला थापड मारून पुढं सरकत होती, मी मागनं वाकडातिकडा होत तिच्या शब्दाला शब्द देत होतो, आणि अंगातनं घाम निथळत होता, फाल्गुनातला पहिला घाम. संजय कामावरनं आला, मोटारसायकल बंद केली, आत डोकावला, आणि शहाणा पोरगा, तसाच मागच्या मागं चहाच्या टपरीकडं गेला. परड्यात आल्यावर शालनचं नाव कुणी काढलं नाही. गेलेल्या माणसाचं नाव भांडणात काढलं की भांडण मोडतं. पण दोघंही तिच्याच तऱ्हेनं भांडत होतो. वैशालीनं तर हातवारेबी तिचेच उचलले होते, पायरीवर बसून शेंगा फोडता फोडता पाठ झालेले.

आवाज ऐकून भिंतीवर हिराक्काचं डोकं आलं. एवढ्या महिन्यांनी आमच्या घरातनं आवाज आलेला बघून तिचा चेहरा उतरला होता. सून म्हाताऱ्याला बोलते की काय असं तिला वाटलं असणार. तिनं मला विचारलं नाही, वैशालीलाच विचारलं, काय गं पोरी, काय झालं?

वैशालीनं मातीचा हात कपाळावरनं फिरवला. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

"काय न्हाय मावशी," म्हणाली, "मिरची लावतोय."

हिराक्कानं लावलेल्या रोपांवरनं नजर फिरवली. मग म्हणाली, मग चालू द्या की, आणि खाली गेली.

आम्ही चालू ठेवलं.